तांबडी कळी आधी पडली

उंब्रजला हायवेवर ट्रॅव्हल्सची वाट बघत उभे होतो, तेव्हा दादानं माझी बॅग शेवटपर्यंत हातातून सोडली नाही. सुट्टीवर आलेला फौजी, पाठ ताठ. गाडी दिसली तसा म्हणाला, "ध्यानात ठेव, माझ्या जोरावर चाललीयास." खोटं नव्हतं ते. आई-आबांचा विरोध मोडून त्यानंच मला डॉक्टर केलं आणि त्यानंच इंग्लंडला धाडलं. पण दर भाऊबिजेला, दर फोनवर हे वाक्य येतच राहिलं. पुढं पुढं मी त्याचा फोन उचलायचंच टाळायला लागले. तुमच्यातही असे फोन टाळणारे असतील, बाहेर गेलेल्यांनो.

तिकडं माझं काम लहान मुलांच्या किडन्यांचं. काही पोरांची लघवी उलटी वर चढते, किडनी खराब होत जाते, शेवटी दुसऱ्याची बसवावी लागते. ती बहुतेकदा घरातलंच कुणीतरी देतं. देणारा मनापासून देतोय, की घरच्यांनी त्याला बळीचा बकरा केलंय, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यामुळं संशयाची खोडच जडलीय. फार गोड बोलणारा नातेवाईक दिसला की माझी नजर तिरकी होते.

आणि दादाची शिवानी, आठ वर्षांची पोर, त्याच दुखण्यानं डायलिसिसवर गेली. सांगलीच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. दादाचं आणि वहिनीचं, दोघांचंही जुळलं. द्यायची कुणी, हे घरात ठरेना, म्हणून मी इंग्लंडहून पोचायच्या आत त्यांनी गावदेवीला कौल लावला. पांढरी कळी दादाची, तांबडी वहिनीची. वहिनीनं तबकातून ओल्या कळ्या नेल्या, गुरवानं देवीच्या अंगाला चिकटवल्या. जिची आधी गळेल त्यानं किडनी द्यायची. तांबडी पडली.

"देवीनंच सांगितलं, आता आपण कोण?" दादा म्हणाला.

माझं टाळकंच सरकलं. गुरव म्हणजे दादाचा शाळेतला जोडीदार. सरहद्दीवर गोळीला न भ्यालेला माणूस सुरीला भ्याला आणि बायकोला पुढं केलं, असंच मी धरून चालले. त्यात घरी येऊन बघते तर हा वहिनीला डाळिंबाचे दाणे काढून देतोय, घागर उचलू देत नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. डॉक्टरांच्या कानावर मी एक शब्द घातला असता तर ऑपरेशन थांबलं असतं आणि शिवानी त्या मशीनलाच राहिली असती. न घालावा तर वहिनीचा बळी. मला जेवण जाईना.

वहिनी भाकरी थापत होती तेव्हा मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "खरं सांग. दादानं गुरवाला फितवलं ना?"

"त्यास्नी कशाला बोल लावताय, वन्सं? ते तर मीच देनार म्हनून हटून बसले हुते. कौल मी फिरवलाय. तबक माझ्या हातात हुतं. माझी कळी पदरानं कोरडी केली. कोरडी कळी कवर चिकटून ऱ्हानार?"

"अगं, पण तो तयार होता तर का?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "दिली असती त्यांनी. लय मायेनं दिली असती. आनि मग पोरीला जलमभर ऐकवली असती, माझ्या किडनीवर जगतीयास म्हनून. तुमी त्यांचा फोन का उचलत न्हाई, मला काय ठावं न्हाई व्हय?"

मला रडूच आलं. डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं, की पोरीची आई स्वतःच्या मनानं देतेय.

ऑपरेशन नीट झालं. वहिनीनं मग स्वतःच घरात सगळं सांगून टाकलं, म्हणून मी हे लिहितेय. दादा बरेच दिवस तिच्याशी बोलत नव्हता.

परवा व्हिडिओ कॉलवर शिवानी पोटावरचा व्रण दाखवत म्हणाली, "आत्या, हितं आईची किडनी हाय."

मागून वहिनीचा आवाज आला, "आईची न्हाई गं. तुझीच हाय ती."

माझं घर आता त्या एवढ्या वाक्यात आहे. दादा तिथंच पोरीच्या मागं उभा होता. आता हा काहीतरी बोलून दाखवणार, म्हणून मी कान टवकारून बसले. त्यानं पोरीचा फ्रॉक खाली ओढून नीट केला आणि मला विचारलं, "जेवलीस का?"