स्वित्झर्लंडची साडेतीन टोकं

स्वित्झर्लंडला नेऊन बायकोला बर्फाऐवजी दगड दाखवणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या हेन्डरसन भागात, आमच्या कुंपणापलीकडे राहतो. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणतो. रिटायर्ड फार्मसिस्ट. कुठलीही गोष्ट अर्धवट सोडली की त्यांचं पोट बिघडतं. पुस्तक आवडलं नाही तरी शेवटचं पान वाचणार, आणि जाहिरात लागली तरी टीव्हीसमोरून उठणार नाहीत.

त्यांचं मुख्य दुखणं मात्र दसरा. ‘‘सीमोल्लंघन करायचं तर सीमा नको का? इथे जिकडे जावं तिकडे समुद्र! हा काय देश झाला?’’ असं ते ज्या देशाने त्यांना घर, पेन्शन आणि दोन नातवंडं दिली त्याच्याबद्दल बोलतात. एका दसऱ्याला ते झब्बा-पायजमा आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून बीचवर गेले आणि गुडघाभर पाण्यात पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. मासे धरायला आलेल्या एका माओरी आजोबांनी ‘‘किआ ओरा, ब्रदर’’ असा नमस्कार करत दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं. काकांनी त्यांना सोनं म्हणून झाडाचं एक पान दिलं. ते आजोबांनी टोपीत खोवलं म्हणे.

तेव्हापासून त्यांना समुद्रच नसलेल्या देशाचे वेध लागले. काकूंना बर्फ बघायचा होता, म्हणून देश काकूंनी निवडला. त्याची चार दिशांची चार टोकं काकांनी. उत्तरेचं टोक जंगलात, पश्चिमेचं ओढ्याकाठी, दक्षिणेचं द्राक्षमळ्यांच्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी सीमेचा दगड शोधायचा, उजवा पाय पलीकडच्या देशात टाकायचा, परत यायचं आणि तिथलंच एक पान काकूंच्या हातात देऊन म्हणायचं, ‘‘सोनं घे, सोन्यासारखी राहा.’’ झाडपाला ऑकलंडच्या विमानतळावरून आत येऊ देत नाहीत, म्हणून सोनं तिथेच सोडायचं. ‘‘लोकांच्या फोटोत मागे डोंगर असतात,’’ काकू म्हणाल्या, ‘‘माझ्या प्रत्येक फोटोत एक धोंडा आहे. दोन धरा, हेही असतातच.’’

पूर्वेचं टोक मात्र डोंगराच्या शिखरावर. काकूंचे गुडघे पार गेलेले. मी नर्स, मी दोघांनाही बजावलं होतं की हा नाद सोडा. पण तीन टोकं करून चौथं सोडणारा माणूस तो नव्हेच. गेल्या वर्षी परत गेले. ‘‘मी जमेल तिथवर चढते,’’ काकू म्हणाल्या, ‘‘पुढे तुम्ही जा.’’ परत आल्यावर काकांनी सगळ्यांना एकच सांगितलं: ढग आले, शिखर राहिलं. आणि नवल म्हणजे पुन्हा त्याचं नावच काढलं नाही. मला उगाच चुटपुट लागून राहिली.

यंदा दसऱ्याला दोघं आमच्याकडे जेवायला होते. काकूंना आता वॉकर लागतो. श्रीखंड वाढता वाढता मी बोलून गेले, ‘‘काका, पूर्व राहिलीच की हो! पुढच्या वर्षी तिकडच्या समरला एकटेच जाऊन या ना. काकूंकडे मी बघते.’’

‘‘नको गं. तिथे ढग फार.’’

‘‘कसले ढग?’’ काकू म्हणाल्या. ‘‘लख्ख ऊन होतं. मी कुरणातल्या बाकावर बसले आणि हे निघाले. चार पावलं टाकायचे, वळून बघायचे. मी हात हलवायचे. पुढे एक वळण होतं. त्याच्या पलीकडे गेले असते तर मी दिसले नसते. तिथे उभे राहिले, उभे राहिले, आणि आले खाली.’’

मी काकांकडे बघितलं. एरवी काकूंचं एक वाक्य धड पुरं होऊ न देणारा माणूस खाली मान घालून पुरीचा तुकडा मोडत होता.

‘‘येताना पान आणलं होतं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘सोनं दिलं मला. सीमा न ओलांडताच.’’