तिसरे कलम आणि राबाचा धूर

अर्जदार: मी स्वतः, तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहिणारा, शिक्षण नववीपर्यंत.
विरुद्ध पक्ष: तोच.
ठिकाण: किन्हवलीच्या पुढे, माझ्या थोरल्या विधवा बहिणीचे घर व गोठा.
वेळ: राब भाजण्याचे दिवस, भर दुपार.
साक्षीदार: अग्निशमन गाडीचा चालक व माझ्या शेजारच्या टेबलावरील अर्जलेखक.

हकीकत अशी. आमच्या भागातील अग्निशमन केंद्रात गाडी होती, चालक होता; परंतु सुट्टीच्या दिवशी गाडी काढण्याचा हुकूम देणारा अधिकारी जागेवर नसे. केंद्रप्रमुखांनी ठरवले की तिघा अधिकाऱ्यांपैकी एकाने आळीपाळीने आठवडाभर ‘ऑन-कॉल’ राहावे, फोन जवळ ठेवावा व तालुका सोडू नये. नियमावली लिहिण्यास मला बोलावले. असा मसुदा करणारा दुसरा माणूस जवळपास नव्हता. हे अभिमानाने नव्हे, नोंद म्हणून लिहितो.

दोन कलमे सरळ होती. तिसऱ्यावर चर्चा झाली. भाताच्या रोपांसाठी शेतकरी जमिनीवर पालापाचोळा व शेण पसरून भाजतात, तो राब. रस्त्याने जाणारे धूर पाहून केंद्राला फोन करतात.

चालक म्हणाला, “परवा धसईकडं राब विझवून आलो. म्हातारा बांधावर उभा. बोलतो, पानी मारलंच हाय, तं आता पेरून पन जा.”

सगळे हसले. मसुदा करताना मी हसत नाही. मी लिहिले: ‘आगीची खबर गावच्या पोलीस पाटलांमार्फत खात्री होऊन आल्याखेरीज गाडी रवाना करू नये.’ कोणाच्या तरी मार्फत आल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, हे मी इतकी वर्षे पाहत होतो.

“भाऊ, हे बेस्ट केलंत,” केंद्रप्रमुख म्हणाले.

नियमावली केंद्राच्या भिंतीवर लागली. एक प्रत मी ताईलाही नेऊन दिली. तिला वाचता येत नाही. तिने ती देवाच्या फोटोमागे ठेवली.

महिनाभराने दुपारी तिचा फोन आला.

“अरे, गोठा पेटलाय. गाडी धाड.”

“शेजारी कुनाचा राब नाय ना?”

“गोठा बोलते ना मी.”

“मग आधी पोलीस पाटलांना सांग. त्यांच्यामार्फत खबर आली की गाडी निघंल. तसा नियम हाय.”

“बरं,” ती म्हणाली. थोरली असून तिने माझे ऐकले, कारण नियम मी लिहिला होता.

पोलीस पाटील तानशाकडे लग्नाला गेले होते. ताईला त्यांचा फोन लागत नव्हता. त्या आठवड्याच्या अधिकाऱ्याचा नंबर माझ्या खिशात होता. माझ्यासमोर एका शेतकऱ्याचा वारस नोंदीचा अर्ज अर्धा झाला होता. तो मी पुरा केला. अक्षर कोठेही बिघडलेले नाही. कार्बन प्रत माझ्यापाशी आहे.

पाटलांचा फोन अखेर लागला व त्यांनी खबर दिली, तेव्हा अधिकाऱ्यांनी तत्काळ गाडी सोडली. अधिकाऱ्यांविषयी तक्रार नाही. गाडी पोहोचली तोवर गोठा बसला होता आणि घराचे छप्परही. गाय दाव्याला बांधलेली होती.

मी संध्याकाळी गेलो. चालक पाईप गुंडाळीत होता. माझ्याकडे न बघता त्याने मान हलवली. ताई ओट्यावर बसली होती.

“तुजा कागद पन जलला रे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मला काही वाटले नाही. काही वाटावे म्हणून मी बराच वेळ उभा राहिलो.

पंचनाम्यानंतर ती मदतीच्या अर्जासाठी कचेरीत आली. माझ्या टेबलावरून पुढे गेली आणि शेजारच्या टेबलापाशी बसली. त्याच्याकडचे कोरे कागद संपले होते. मी माझ्यातला एक दिला. माझ्यापासून चार पावलांवर तिने अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि किन्हवलीच्या एसटीकडे गेली.

सबब विनंती की, केंद्रप्रमुखांनी तिसरे कलम रद्द करावे. धूर कसलाही असो, गाडी आधी निघावी. राब असल्यास परत यावी. तसे लेखी कळवावे.

प्रत माहितीसाठी: ताई. ही प्रत मी स्वतः वाचून दाखवीन. तिने उत्तर द्यावे. तोंडी चालेल, मात्र कोणामार्फत नको.