कोरड्या माणसाचं कोडं

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझी बदली तिथल्या कचेरीत झाली. दर सोमवारी मी मुखेडहून एसटीनं निघायचो. स्टँडवर एक म्हातारा फुटाणे विकायचा. गाडीच्या खिडकीशी येऊन तो कोडं घालायचा. जो सोडवील त्याला मूठभर फुटाणे फुकट. कोडं घातलं की टोपलीवर मूठ घट्ट मिटून, मान ताठ करून उभा राहायचा. मूठ उघडावी लागणारच नाही, असा त्याचा रुबाब.

दुष्काळाच्या साली त्यानं विचारलं, "मानूस आडात पडला, पन अंगावर पान्याचा थेंब न्हाई. कसा?"

"आड कोरडा असंल!" अख्खी गाडी एकदम ओरडली.

त्यानं मूठ उघडली आणि सगळ्यांना फुटाणे वाटले. कुणीतरी म्हणालं, "मामा, लईच सोपं कोडं हाय."

म्हातारा भडकला. "सोपं? आजवर एकालाबी सुटलं न्हवतं! आड म्हटलं की मानूस पानी धरूनच चालायचा. कोडं तेच हाय, सालच वंगाळ निघालं. ज्या दिशी हे पोरांना सुटनार न्हाई, त्या दिशी मी जिंकलो समजा."

पुढं माझी बदली झाली, तो पुन्हा दिसला नाही. काही वर्षांनी पाऊसपाणी बरं झालं. आमचा आड काठोकाठ भरलेला असताना मी लेकीला तेच कोडं घातलं. तिनं खूप डोकं खाजवलं आणि शेवटी वैतागून म्हणाली, "आडात पडला म्हणजे भिजणारच की, बाबा!"

मी फुटाण्यांची मूठ घट्ट मिटली आणि त्या म्हाताऱ्यासारखीच मान ताठ केली.