आजीचा अंगठा

सत्तर सालच्या आसपास मी राधानगरीच्या जंगलाकडे नर्स होते. वर डोंगरात धनगरवाडे, चार-पाच घरांचे. त्यातल्या एका वाड्यावरच्या आजीचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेले. एकदा तर तिनं भाकरी समजून चुलीतल्या विस्तवात हात घातला होता. मी वाड्यावर गेले की तिच्या मुलाला विचारायची, "आजी जेवतात का? झोप लागते का?" आजी शेजारीच बसलेली असायची. आठवलं की आजही लाज वाटते.

खाली शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. शेवटच्या दिवशी आजी आली ती म्हशीचं शेपूट धरून! पायवाटेनं ती नेहमी तशीच चालायची. माणसापेक्षा म्हशीवर तिचा भरवसा जास्त. पुढे सून, मागे आजी, मधे म्हैस, अशी वरात थेट शाळेच्या अंगणात.

तिथला कारकून नियमाचा पक्का आणि अकलेचा कच्चा. "ऑपरेशनला मुलाचा अंगठा लागतो. मुलगा कुठाय?"

"कोकणात गेल्यात. चार दिवस तरी येत न्हाईत," सून म्हणाली.

"मग पुढच्या वर्षी या."

माझं डोकंच फिरलं. पुढच्या वर्षापर्यंत म्हातारीनं किती वेळा हात भाजून घ्यायचा? मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजीच म्हणाली, "पावणं, डोळं माझं. फुटलं तरी माझंच फुटणार. मग अंगठा त्येचा कशाला?"

पडद्याआडून डॉक्टर बाहेर आले. ते म्हणाले, "बरोबर बोलतात आजी. त्यांचाच अंगठा घ्या. साक्षीला बाई सही करतील." मी तिचा अंगठा शाईत बुडवला. गोवऱ्या थापून थापून दगड झालेला अंगठा तिनं कागदावर ठासून उमटवला. मला तिचा फार अभिमान वाटला.

आठवडाभर आजी शाळेत राहिली, म्हैसही राहिली. सगळ्या पेशंटांना तिच्याच दुधाचा चहा मिळाला. कारकुनानं तर रोज दोनदा घेतला.

पट्टी सुटायच्या दिवशी मुलगा धापा टाकत पोचला. डॉक्टरांनी आजीला जाड भिंगांचा चष्मा घातला. आजीनं मुलाचं तोंड दोन्ही हातांत धरून जवळ ओढलं. "आरं, केस पिकलं की रं तुझं!" सगळी खोली हसली. तोही हसला, आणि डोळे पुसत बाहेर गेला.

मी त्याच्या मागोमाग गेले. व्हरांड्यात तो खाली मान घालून उभा होता.

"बाई, बरं झालं मी हितं नव्हतो," तो म्हणाला. "मी नगंच म्हणलो असतो."