मोठ्या आईचा नवस आणि माझे गणिताचे सर

माझं पहिलं प्रेम फक्त एका बाईला माहीत होतं. ती आज सकाळी गेली.

माझी मोठी आई. बाबांची थोरली वहिनी. नव्वदी ओलांडली, पण आवाज शेवटपर्यंत खणखणीत.

एकोणऐंशी-ऐंशी असेल. मी दहावीत. लाखांदूरला सिनेमा लागला. पोस्टरवर दोन वेण्यांची मुलगी देवापुढे हात जोडून उभी.

झालं! आमच्या अख्ख्या गावानं ठरवलं, सिनेमा देवाचा आहे.

तेव्हा देवाच्या सिनेमाला बायका चपला बाहेर काढून बसायच्या. मोठ्या आईने तर नारळ, कुंकू, उदबत्ती घेतली, मला घेतलं आणि आम्ही एसटीने दुपारच्या लेडीज शोला हजर.

पडद्यावर ती मुलगी देवाला काय मागते?
"डॉक्टरांना पुन्हा आमच्या घरी येऊ दे."

पंधरा वर्षांची पोरगी, गावात नव्याने आलेल्या डॉक्टरच्या प्रेमात! त्याने यावं म्हणून मुद्दाम आजारी पडते.

इंटरव्हल झाला तरी मोठी आई आशेवर.
"देव कवा येते वं?"

मी काय सांगणार, कप्पाळ! मी हमसून हमसून रडत होते. शाळेत गणिताचे नवे सर आले होते. त्यांनी जवळ येऊन समजवावं म्हणून मी येणारी गणितंही चुकवत होते.

मोठ्या आईने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
"कोन आहे थो?"

बाबांना कळलं तर शाळा बंद आणि थेट लग्न. तरी सांगून टाकलं.

"त्याले मालूम आहे?"
"नाही."
"मंग कायले रडून राहिली? तुह्या वयात माह्या मांडीवर लेकरू होतं. मनात कोनी यावं, एवढी सवडच नाही भेटली मले."
आणि चक्क हसली.
"पन गनितं बरोबर कर. नापास झाली त तुह्या बापाले मी नाही अडवू शकत."

घरी बाबांनी विचारलं, "कोनत्या देवाचा होता, वहिनी?"

त्यांच्या हातावर खोबरं ठेवत ती म्हणाली, "देवीचा. नवस बोलली मी. पोरगी पास झाली त कॉलेजात धाडीन."

नवस मोडायची बाबांची काय बिशाद!

मी पास झाले. सरांची बदली झाली. दोन दिवस जेवले नाही, तिसऱ्या दिवशी कॉलेजचा फॉर्म भरला.

ती देवी कोणती, हे बाबांना कधीच कळलं नाही. मला माहीत होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती.

'येते वं' म्हणायचीस ना नेहमी, आज न सांगता गेलीस. मोठी आई, तुझ्या पाया पडते.