स्पिनरचा आवाज

आताच्या वॉशिंग मशीनचा मेकॅनिक परवा मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "मॅडम, मिनिटाला चौदाशे फेरे, आणि आवाज अजिबात नाही." म्हटलं, बाबा रे, चार वर्षांत तिसऱ्यांदा आलायस, त्याचं बोल. चंदीगडला आमचं दोन टबांचं मशीन होतं, सगळं पत्र्याचं, धूडच ते. स्पिनर लावला की दणाणत जागचं सरकायचं, पण कपडे असे पिळून द्यायचं की धुक्याच्या दिवसांतही संध्याकाळपर्यंत वाळत.

त्या स्पिनरपायीच शेजारणीशी गट्टी जमली. तिच्या सरदारजींच्या पगड्या ती हिवाळ्यात आमच्याकडे पिळायला आणायची. पाच-पाच मीटर कापड, नीट गुंडाळून घातलं नाही की मशीन थयथयाट करी. मग दमट पगडीचं एक टोक ती धरी, दुसरं मी, आणि अंगणात ताणून आम्ही घड्या घालायचो. माझ्या हातून टोक सुटलं की ती हसत सुटायची.

दिवस वाईट होते, पंजाबात अतिरेक्यांची दहशत. भाजीला निघालं तरी जीव टांगणीला. हे डॉक्टर, म्हणून घरांच्या त्या ओळीत फोन आमच्याकडेच. ह्यांनी बजावलं होतं, मी नसताना कुणालाही दार उघडायचं नाही. अशात शेजारणीकडे एक अनोळखी तरुण येऊन राहिला. कोण, कुठला, अशी कुजबुज सुरू झाली. मीही त्यात तोंड घातलं, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी स्पिनर थांबवून मी त्यातले कपडे बाहेर काढले, तोच दारावर थापा पडल्या. "भैणजी, दरवाजा खोलो जी, फोन करना है!" आवाज तिचाच. पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर तिच्यामागे तो तरुण. आत माझी लेक झोपलेली. मी मागे आले आणि रिकाम्या स्पिनरचं बटण पाच मिनिटांवर फिरवलं. ती संपल्यावर पुन्हा फिरवलं.

सरदारजींच्या छातीत कळ आली होती. तो तरुण तिचा भाचा, मुलाखतीसाठी आलेला. दोघांनी त्यांना कसंबसं रिक्षात घालून नेलं, पण वाटेतच सगळं संपलं. त्या थापा मला अजून ऐकू येतात. हे बिनआवाजाचं मशीन आल्यापासून तर जास्तच.

मी भेटायला गेले तेव्हा ती सतरंजीवर बायकांच्या घोळक्यात बसली होती. कुणीतरी विचारलंच, शेजारी डॉक्टरांकडे फोन होता ना?

"मशीन चल रही थी बेचारी की," ती म्हणाली. "उसने सुना ही नहीं." मग माझा हात हातात घेऊन तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "है ना, भैणजी?"

मी हो म्हणाले.