धूळ न शिरणारी खोली

दगड घासून त्याचा आरसा करायचा, हा त्यांचा धंदा. काम उरकलं की फरशीत स्वतःचं तोंड बघत ते विचारायचे, "चकाचक झालं ना?" म्हणून सगळे त्यांना चकाचककाका म्हणत.

काकूंच्या वाट्याला त्या चकचकाटातली फक्त धूळ आली. काका संध्याकाळी घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक. काकू त्यांना दारातच उभं करून कपडे झटकत, ओल्या फडक्याने भुवया पुसत आणि मग घर पुसायला घेत. कुरकुर? करायच्या की. पण आंघोळीचं पाणी कधी गार मिळालं नाही. बरोबरीच्या कारागिरांना खोकल्याने बेजार झालेलं बघून काकांना मनातून वाटे, आपली छाती शाबूत आहे ती हिच्या फडक्यामुळे. हे काही खरं शास्त्र नव्हे, पण कृतज्ञतेला शास्त्र लागत नाही. बोलून दाखवणं मात्र त्यांना जमलं नाही. त्यांनी खोली बांधून दाखवली.

घरामागची खोली जमिनीलगतची होती. काकांनी तिथे लाल ग्रॅनाइटची फरशी घातली, भिंतींना कमरेपर्यंत कामांवर उरलेले तुकडे जुळवून लावले. खिडकीच्या आणि दाराच्या फटींत रबराच्या पट्ट्या ठोकल्या. "ही तुझी खोली. इथे धुळीचा कण शिरणार नाही. फक्त खिडकी उघडायची नाही," ते म्हणाले. दोघं तिथेच झोपू लागली. दुपारी काकू तिथे शिवणकाम करत. त्या खोलीला फडकं लागत नाही, हे काका भेटेल त्याला सांगत सुटले.

काकूंची भाची हवा-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती एकदा राहायला आली आणि बंद खोली बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने कपाटावर मुठीएवढं एक यंत्र ठेवलं. काही आठवड्यांनी परत येऊन ती म्हणाली, "काका, आकडा बरा नाही."

"कसला आकडा?"

"रेडॉनचा. दगडामातीत थोडा किरणोत्सार मुळातच असतो, त्यातून हा वायू निघतो. ना रंग, ना वास. तुमच्या ग्रॅनाइटमधून थोडा येतो, खालच्या जमिनीतून जास्त. हवा खेळती असेल तर तो निघून जातो. इथे त्याला वाटच ठेवली नाहीत तुम्ही. वर्षानुवर्षं तो श्वासावाटे आत गेला, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो."

काकांच्या मनात आलं, धुळीपासून बायकोला वाचवायला गेलो आणि तिला आगीतून फुफाट्यात टाकलं. ते छन्नी-हातोडा घेऊन आले आणि पलंगाशी गुडघे टेकून बसले. आयुष्यातलं सगळ्यात चोख काम ते स्वतःच्या हाताने फोडायला निघाले होते.

"थांबा हो काका," भाचीने मोबाइल पुढे धरला. "यंत्राने काढलेली ही रेघ बघा. रात्री चढते, तुम्ही कामावर गेलात की खाली येते. दिवसा खिडकी कोण उघडतं?"

काकू घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालत होत्या.

"मी," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. जीव घुसमटायचा. तुम्ही गेलात की उघडते, यायच्या आत सगळं पुसून लावून घेते."

"मला कधी बोलली नाहीस?"

"एवढ्या हौसेनं केलंत. तुमचं तोंड उतरलं असतं."

म्हणजे घरात रोज न चुकता पुसली जाणारी खोली हीच. काकांनी हातोडा खाली ठेवला. त्यांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. "बरं झालं," ते कसंबसं म्हणाले, "बरं झालं माझं ऐकलं नाहीस."

"खरंच बरं झालं," भाची म्हणाली. "सदा बंद असती, तर आकडा याहून कितीतरी चढला असता. दगड फोडू नका. रात्रीही खिडकी उघडी ठेवा आणि फरशीच्या कडेच्या भेगा बुजवा, जमिनीतला वायू तिथूनच वर येतो."

भेगा बुजवणं काकांच्या हातचा मळ. त्यांनी पट्ट्या उपटल्या, भिंतीलगतची भेग न् भेग भरली आणि भाचीने यंत्र पुन्हा ठेवलं. या खेपेला आकडा बघून ती हसली. त्या दिवशी काकांनी तिला दोन वेळा जेवायला वाढलं आणि तिसऱ्यांदाही आग्रह केला.

आता खिडकी रात्रंदिवस उघडी असते आणि रस्त्यावरची धूळ खुशाल आत येते. सकाळी कामावर निघण्याआधी काका काकूंचं फडकं ओलं करून चौकट पुसतात, मग पलंगाकडे वळून विचारतात, "चकाचक झालं ना?"

काकू उशीवरून डोकंही न उचलता म्हणतात, "तो कोपरा राहिलाय."

काका मुकाट्याने परत फिरतात आणि कोपरा पुसतात.